आलेच

यंत्राने पहिल्याच आठवड्यात एकेचाळीस पाहुणे बोलावले आणि त्यातला एकही आला नाही.

चाचणीसाठी प्रयोगशाळेतल्या बारा जणांनी आपापले फोन निरोप्याच्या हवाली केले होते. निरोप्या म्हणजे फोनमध्ये राहणारा एक आवाज. तुम्ही कामात असलात की तुमच्या वतीने, तुमच्याच आवाजात तो फोन घ्यायचा, गप्पा मारायचा, आणि संध्याकाळी त्या बोलण्याचा दोन ओळींचा गोषवारा तुमच्यापुढे ठेवायचा. तर त्या आठवड्यात कोणाची मावशी फोन ठेवताना "बरंय, येते मग" म्हणाली, कोणाचा मित्र "चल, येतो" म्हणाला, आणि निरोप्याने इमानेइतबारे असा प्रत्येक शब्द भेट म्हणून कॅलेंडरात लिहून ठेवला. इक्बाल शिकलगारच्या घरी तर शनिवारी सात माणसं जेवायला असल्याचं त्याच्या बायकोला फोननेच कळवलं. तिने दोन किलो मटण आणलं.

"मॅडम," सोमवारी डबा उघडत इक्बाल म्हणाला, "तीन दिवस मटणच खातोय. मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, हे याला कोणी सांगितलंच नाही का?"

निरोप्या घडवणारी निवेदिता काळमेघ हसली आणि त्याच दुपारी तिने नियम लिहिला. बोलण्याच्या शेवटच्या वीस सेकंदांत 'येते', 'येतो' असं काही आलं आणि त्याला वार किंवा वेळ जोडलेली नसली, तर तो निरोप समजावा. नोंद करू नये. उत्तर म्हणून 'ये, सावकाश ये' म्हणावं. पुढे परिषदांमध्ये बोलताना ती हा किस्सा सुरुवातीला सांगायची. लोक हसायचे आणि मग नीट ऐकायचे.

तिचं खरं काम मात्र याहून खोलातलं होतं. माणसाचा आवाज हुबेहूब काढणं तोवर बऱ्याच जणांना जमत होतं. तरी मिनिटभराने पलीकडचा माणूस विचारायचाच, "काय रे, बरं नाही का तुला?" काहीतरी चुकत होतं आणि ते शब्दांत सापडत नव्हतं. निवेदिताने त्यावर चार वर्षं घालवली आणि तिच्या लक्षात आलं, की आपण आपल्या माणसाला ओळखतो ते त्याच्या ऐकण्यावरून. आपण बोलत असताना समोरचा 'हं' म्हणतो, 'हो ना' म्हणतो, जिभेने 'च्च' करतो. हे हुंकार किती वेळाने येतात, वाक्य संपल्यावर येतात की आधीच, श्वास घेताना येतात की सोडताना, याची एक लय असते. आणि ती एकट्या माणसाची नसते, जोडीची असते. निवेदिता संचालकांना 'हं' म्हणायची ते वाक्य संपल्यावर अर्ध्या सेकंदाने. आईला पाव सेकंदाने. हर्षलाला मात्र वाक्य संपायच्या आधीच.

यंत्राला ही लय शिकवायची तर एकाच जोडीचं शेकडो तासांचं बोलणं हवं. असा साठा फारसा कोणाकडे नव्हता. निवेदिताकडे होता. अकरा वर्षांचे रविवार.

हर्षला बोंडे आणि ती अमरावतीच्या वसतिगृहात तीन वर्षं एका खोलीत राहिल्या होत्या. हर्षला तिथेच राहिली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. निवेदिता पुण्याला आली. दर रविवारी सकाळी नऊला हर्षलाचा फोन यायचा. हे बोलणं संशोधनासाठी टेप करू का, असं निवेदिताने विचारलं तेव्हा हर्षला खो-खो हसली होती.

"कर व बाप्पा. पोट्टे वर्गात ऐकत नाहीत, नवरा घरात ऐकत नाही. तुझी मशीन तं ऐकन."

"एका कागदावर सही लागेल तुझी."

"पाठव. पण सांगून ठेवते, मी काही पुण्यासारखं बोलणार नाही. तू 'अगं' म्हणायला लागली व निवे! लाज वाटते का थोडी?"

वऱ्हाडात बाया एकमेकींना 'व' म्हणतात. आपल्या तोंडातून तो 'व' कधी गेला ते निवेदिताला कळलं नव्हतं. ध्वनिफितींवरून मात्र शोधता आलं. शेवटचा 'व' सातव्या वर्षी, सप्टेंबरात होता.

मग निवेदिताची आई गेली. ती अमरावतीत एकटीच राहायची. शेवटचे नऊ दिवस दवाखान्यात हर्षलाच तिच्याजवळ होती, कारण निवेदिता सिंगापूरच्या परिषदेत होती आणि डॉक्टर म्हणत होते की घाई नाही. मग एका दुपारी घाई झाली. निवेदिता पोचली तेव्हा सगळं आवरून झालं होतं. आईचे दवाखान्यातले कपडेसुद्धा हर्षलाने धुऊन, घड्या घालून ठेवले होते.

त्यानंतर दर रविवारी, शाळेच्या आणि नवऱ्याच्या गोष्टी झाल्या की हर्षला थोडी थांबायची आणि म्हणायची, "आईचं एक सांगू का व?"

"पुढच्या वेळी सांग," निवेदिता म्हणायची. "आत्ता जरा निघायचंय."

कुठे निघायचं नसायचं. पण नुसत्या त्या प्रश्नाने तिचा रविवार जायचा, आणि बऱ्याचदा सोमवारही. पडद्यावरची आकड्यांची रांग ती तीन-तीनदा वाचायची आणि काहीच कळायचं नाही. हे वर्ष असं वाया घालवण्याचं नव्हतं. मे महिन्यात बंगळूरला अंतिम परीक्षण होतं. त्यात निरोप्या उतरला की तो चार भाषांमध्ये, कोट्यवधी फोनांमध्ये जाणार होता, आणि या सगळ्या विभागाची प्रमुख निवेदिता होणार होती. अठरा वर्षं ती त्याच दिशेने चालत आली होती.

जूनमधल्या एका रविवारी, नऊला पाच कमी असताना, तिने निरोप्याच्या यादीत हर्षलाच्या नावापुढे खूण केली. एकच रविवार, असं स्वतःला सांगून.

संध्याकाळी गोषवारा आला. 'हर्षला बोंडे. ३८ मिनिटे. शाळेतला नवा वर्ग, नवऱ्याची बदली. कृती: नाही.' हर्षलाला जराही शंका आली नव्हती. निवेदिताला आनंद झाला. शास्त्रज्ञ म्हणून झाला, आणि त्या आनंदाखाली आणखी काय आहे हे तिने उकरून पाहिलं नाही.

"सांगितलंत का त्यांना?" इक्बालने विचारलं.

"सांगितलं तर चाचणीच बाद होईल."

"अच्छा, चाचणी आहे होय ही?" इक्बाल म्हणाला, आणि चहा आणायला गेला.

एकाचे दोन रविवार झाले, मग दहा, मग निवेदिताने मोजणं सोडलं. गोषवारे येत होते. शाळेची सहल. गुडघेदुखी. हर्षलाच्या सासूबाई वारल्या. त्या दिवशी निवेदिताने स्वतः फोन करायचा ठरवला होता, पण निरोप्याने चौदा मिनिटं सांत्वन केल्याचं आधीच कळलं आणि पुन्हा काय बोलायचं ते तिला सुचेना. फेब्रुवारीत एक गोषवारा तिने लिफ्टमध्ये उभ्या-उभ्या वाचला. 'हर्षला बोंडे. ५२ मिनिटे. आईचे शेवटचे दिवस, तपशीलवार. भावनिक. कृती: नाही.'

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, मिटलं, तरी ती आतच होती.

निवांत ऐकू, असं तिने ठरवलं. निरोप्याने केलेलं बोलणं तीस दिवस राहायचं, मग पुसलं जायचं आणि फक्त गोषवारा उरायचा. फोन करणाऱ्यांच्या खासगीपणासाठी हा नियमही तिनेच घातला होता आणि प्रयोगशाळेच्या समितीने त्याची वाखाणणी केली होती. निवांतपणा काही आला नाही. त्या बावन्न मिनिटांची तिला आठवण झाली ती चौतिसाव्या दिवशी.

*

बंगळूरचं परीक्षण तीन दिवस चाललं. निवेदिता परतली ती विभागप्रमुख होऊन. प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले, तिच्या खोलीच्या दारावरची पाटी बदलली, आणि पुढचे तीन आठवडे तिला श्वास घ्यायला फुरसत झाली नाही. ऑगस्टमध्ये निरोप्या बाजारात यायचा होता.

मेच्या शेवटी निरोप्याने स्वतःहून एक सूचना पुढे केली. 'हर्षला बोंडे: सलग चार रविवार संपर्क नाही. सुचवणी: उन्हाळ्याची विचारपूस करणारा छोटा फोन. अंदाजे ४ मिनिटे. करू का?'

निवेदिताने 'नको' दाबलं आणि हर्षलाच्या नावाखालच्या नोंदी उघडल्या. शेवटचा रविवार अठ्ठावीस दिवसांपूर्वीचा होता. ध्वनिफीत अजून होती. त्याखाली एक नोंद आणखी होती, मंगळवारची. सकाळी सहा बावन्न. एकोणीस सेकंद. मंगळवारी हर्षला कधी फोन करत नसे.

तिने आधी रविवार ऐकला.

"काय व निवे, काय करून राहिली?"

"काही नाही गं, बसलेय निवांत. तू बोल."

"निकाल लागला शाळेचा. आता सुट्ट्या."

"हं."

"निवे, तुझ्याकडे एक काम होतं."

"हं, सांग ना."

"फोनवर नाही व सांगता येत."

इथे चार सेकंद शांतता होती. निवेदिताने असंच थांबून वाट पाहिली असती. तिचीच लय होती ती.

"बरं. मग निवांत बोलू आपण."

"हौ. निवांतच बोलू." हर्षला हसली, पण ते हसू अर्ध्यावर सुटलं. "येते मग."

"ये. सावकाश ये."

निवेदिताने शेवटची दोन वाक्यं पुन्हा ऐकली, आणि मग आणखी एकदा. निरोपाचं 'येते' खाली उतरतं. हे वर चढलं होतं आणि वर जाऊन थांबलं होतं, उत्तराची वाट बघत. उत्तर मिळालं होतं. ये, सावकाश ये.

मग तिने मंगळवार लावला.

आधी दारावरची घंटा. एकदा, थोडं थांबून पुन्हा. मग हर्षलाचा आवाज, प्रवासाने बसलेला. "निवे, अवं मी आ..." आणि पुन्हा घंटा.

"हर्षू, दार वाजलंय गं," निवेदिताचा आवाज म्हणाला. "थांब जरा. आलेच!"

फोन बंद झाला होता.

काय झालं ते निवेदिताला दुसऱ्यांदा न ऐकताच कळलं होतं. अकरा वर्षांच्या रविवारी सकाळी कधी दूधवाला आला होता, कधी इस्त्रीवाला, कधी कामवाल्या बाई. घंटा वाजली की ती बोलणं तोडून म्हणायची, "दार वाजलंय गं, थांब जरा, आलेच," आणि फोन ठेवायची. दीडशे वेळा तरी. यंत्राने ते दीडशे वेळा ऐकलं होतं. त्या मंगळवारी हर्षला एका हाताने घंटा दाबत होती आणि दुसऱ्या हाताने कानाला फोन धरून होती. तिच्या फोनमधून निरोप्याला ऐकू आली ती निवेदिताच्याच घराची घंटा, आणि निवेदिता अशा वेळी जे करते तेच त्याने केलं. परीक्षणाचे निकष लावले असते तर पैकीच्या पैकी गुण पडले असते.

निवेदिता त्या सकाळी बंगळूरच्या हॉटेलात इस्त्रीची साडी नेसत होती.

संध्याकाळी इमारतीच्या फाटकावर तिने रखवालदाराला गाठलं. पाटीलमामा तिथे बारा वर्षं होते. वहीत नोंद होती. हर्षला बोंडे, अमरावती. आत सहा पंचेचाळीस, बाहेर सात अडतीस.

"फाटकावरून तुम्हाला फोन लावला होता की मी," मामा म्हणाले. "तुम्हीच म्हणालात, सोडा वर."

"हो," निवेदिता म्हणाली. "मग?"

"मग सव्वासातला मी टाकीचं बटण दाबायला वर गेलो तर त्या बाई जिन्यात बसलेल्या. मांडीवर ते एक्स-रेचं असतं तसलं मोठं पाकीट. म्हटलं, ताई, दार उघडत नाही का कोणी? तर म्हणाल्या, आहे ती आत. आलेच म्हणाली."

"आणि जाताना?"

"जाताना काही नाही बोलल्या. सही केली न् गेल्या." मामांनी वही मिटली. "मला वाटलं, तुमच्यात काही झालं असेल. बायकांचं असतं काहीतरी. आपण कशाला विचारा?"

*

निवेदिताने चार दिवस फोन केले. हर्षलाने घेतले नाहीत. तिने संदेश लिहिला. एवढा मोठा लिहिला की वाचताना तिला स्वतःलाच तो जाहिरातीसारखा वाटला. तो पुसून तिने एकच ओळ पाठवली, 'हर्षू, गैरसमज झालाय. भेटून सांगते.' संदेश वाचला गेल्याची खूण उमटली. उत्तर आलं नाही.

भेटून सांगायचं तर अमरावतीला जायला हवं होतं. पुणे ते अमरावती हे अंतर काही अवघड नाही. पण जूनमध्ये हिंदीच्या चाचण्या होत्या, जुलैत मंत्रालयाची परवानगी, आणि प्रत्येक बैठकीत विभागप्रमुख हवीच होती. पाकीट कशाचंही असू शकतं, असं तिने स्वतःला सांगितलं. गुडघ्याचंही असू शकतं. गुडघे दुखतातच तिचे, गोषवाऱ्यात होतं. एकदा निरोप्या बाजारात गेला की चार दिवस सुट्टी घेऊ आणि सरळ जाऊन तिच्या दारात बसू. मनात ती हे वाक्य पुन्हा-पुन्हा म्हणायची, आणि म्हटलं की काम जवळजवळ झाल्यासारखं वाटायचं.

इक्बालला तिने सगळं सांगितलं, पण नाव न घेता, एक प्रकरण म्हणून.

"कोणाच्या बाबतीत झालं हे?" त्याने विचारलं.

"एका चाचणीतलं आहे."

इक्बालने तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि मान हलवली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निरोप्या बाजारात आला. दहाव्या दिवशी हर्षलाच्या नवऱ्याचा, प्रफुल्लचा फोन आला.

"ताई, तुम्हाले कळलं नसन. हर्षलाची तब्येत काही बरी नाही."

"काय झालंय भाऊजी?"

"स्वादुपिंड. पसरलं आता." तो थांबला. "एप्रिलातच निघालं होतं तपासणीत. इथल्या डॉक्टरनं नागपूरले जा म्हणून लिहून देल्लं होतं. ते कागद आम्हाले जुलैत सापडले, ताई, कपाटात. घरी बोललीच नाही ती कोणाले. आता भेटायचं असन तं या."

नागपूर तीन तासांवर असताना ती पुण्याला का आली होती, हे प्रफुल्लला ठाऊक नव्हतं. ती पुण्याला आली होती हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"भाऊजी," निवेदिताने विचारलं, "मे महिन्यात उपचार सुरू झाले असते तर?"

"मी बी विचारलं डॉक्टरले. तो म्हणे, आता हे विचारून काय फायदा."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गाडी करून निघाली. वाटेत, जालन्याच्या पुढे, इक्बालचा संदेश आला. त्याने दुरुस्ती तयार केली होती. फोन करणारी व्यक्ती मालकाच्या घरापासून शंभर मीटरच्या आत असेल, तर निरोप्याने बोलू नये, मालकाला ताबडतोब कळवावं. आजच सगळीकडे लागू करायची तर प्रमुखांची संमती हवी होती. निवेदिताने संदेश दोनदा वाचला. दुरुस्ती चांगली होती. तिने संमती दिली.

*

हर्षलाची खाट बैठकीच्या खोलीत आणून ठेवली होती. प्रफुल्लने खुर्ची पुढे केली आणि तो आत गेला. पांघरुणाखाली माणूस आहे की नुसत्या घड्या, असं क्षणभर वाटावं इतकी ती बारीक झाली होती. डोळे मात्र तेच होते.

"या, मोठ्या साहेब," हर्षला म्हणाली. "पेपरात फोटो पाह्यला तुझा. जाडी झाली."

"झालेय खरी."

"झालेय!" हर्षलाने तिची नक्कल केली. तेवढ्यानेही तिला दम लागला. भिंतीवरच्या घड्याळाखाली औषधांच्या वेळा लिहिलेला कागद चिकटवलेला होता.

"हर्षू, मी घरात नव्हते."

हर्षलाने नजर तिच्यावरून काढून छताकडे नेली.

"त्या दिवशी मी बंगळूरला होते. फोनवर मी नव्हतेच. ते मशीन होतं. माझ्या आवाजात बोलतं ते. घंटा ऐकली की मी जे म्हणते ना, तेच ते म्हणालं. आत कोणीच नव्हतं."

हर्षला छताकडे बघत होती. औषधांनी तिचे विचार हळू चालत होते, आणि एकेक पायरी उतरत ते खाली येताना तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"म्हणजे," ती म्हणाली, "तू भोकातून पाह्यलं न् दार उघडलं नाही, असं नाही?"

"नाही गं."

"मले तसंच वाटलं होतं. म्हटलं, मोठी झाली आता. पाकीट पाह्यलं असन हातात, घाबरली असन." तिने डोळे मिटले. "बरं झालं सांगतलं. हे एक ओझंच होतं व."

माफी इतक्या सहज मिळेल असं निवेदिताला वाटलं नव्हतं. तिने हर्षलाचा हात हातात घेतला. पण हर्षलाचा विचार थांबलेला नव्हता. तो अजून एक पायरी उतरत होता.

"फक्त त्या दिवशी का?" तिने विचारलं.

निवेदिताने मोकळ्या हाताने पांघरुणाची कड सारखी केली.

"निवे. रविवारी कोण बोलत होतं?"

"वर्षभर... जवळजवळ वर्षभर तेच होतं."

"सासूबाई गेल्या तेव्हा?"

"हं."

हर्षलाने डोळे उघडले. "तसंच," ती म्हणाली.

"काय तसंच?"

"ते बी अस्संच 'हं' म्हणे." तिने आपला हात सोडवून घेतला, रागाने नव्हे, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा. "आणि आईचं? आईचं सगळं मी सांगतलं तुले. फेब्रुवारीत. तू पहिल्यांदाच 'पुढच्या वेळी' म्हटलं नाही, म्हणून सगळं सांगतलं. ते बी त्यालेच सांगतलं का मी?"

"हो."

"मग ते असन ना त्याच्यात. काढून ऐक."

"नाही राहिलं. पुसलं जातं तीस दिवसांनी."

"कोणं पुसलं?"

आतून कुकरची शिटी झाली. बाहेर रस्त्यावर भाजीवाली ओरडत गेली, आणि तिचा आवाज कोपऱ्यावर वळून नाहीसा होईपर्यंत दोघी तो ऐकत राहिल्या.

"पुन्हा सांगशील?" निवेदिताने विचारलं. "मी विचारायला नको होतं असं वाटत असेल तर नको सांगू. पण आईचं मला कोणीच सांगितलेलं नाही. मी कोणाला विचारलंच नाही कधी."

"आता गोळ्यांनं सगळं कालवल्यासारखं झालं व डोक्यात. तेव्हा मले एकेक दिवस आठवत होता." हर्षला दमून थांबली. "थांब. सांगते. सुचन तसं सांगते."

निवेदिताने खुर्ची पुढे ओढली.

"शेवटच्या दिवशी सकाळी मले म्हणे, केस विंचरून दे. म्हटलं, आता कशाले, झोपून राहा. तं म्हणे, पोरगी येऊन राहिली माही, अशी झिपरी कशी दिसू तिले? मग बसवलं मी तिले उशीले टेकवून. फणी नव्हती, बाजूच्या बाईची मागितली. इतके लांब केस, निवे, या वयात. गुंता सोडवता सोडवता हात दुखले माहे. मग तेल लावलं. वेणी घातली..."

ती थांबली. कपाळावर आठी पडली.

"वेणीच घातली ना मी? का सासूबाईची घातली?" तिने निवेदिताकडे पाहिलं. "त्या बी तिथंच होत्या व, त्याच वॉर्डात. त्यांची पोरगी बी येणार होती नागपूरहून. तुझीच आई ना ती? सांग ना व."

आजारपणाच्या आधीच्याच वर्षी आईने केस मानेपर्यंत कापून घेतले होते. सिंगापूरला निघण्यापूर्वी निवेदिताने शेवटचं पाहिलं तेव्हा ते कानामागे जेमतेम अडकत होते.

"हो," निवेदिता म्हणाली. "माझीच आई. मग काय झालं व?"